आधी नोंद, मग घंटा

ऑफिसात त्याला सगळे जपूनराव म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. कुणी गरम कप उचलला की हा म्हणणार, जपून. कुणी फोनवर बोलत जिना उतरायला लागला की, जपून. कुणी चालत्या प्रोग्रॅममधली एखादी ओळ बदलायला घेतली, की हा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहणार आणि घसा खाकरून म्हणणार, जरा जपून हं. घरून निघताना गॅसची कळ बघायचा, कुलूप ओढून बघायचा, रस्त्यापर्यंत जाऊन परत वर यायचा आणि पुन्हा कुलूप ओढायचा. बायको म्हणायची, आमचे हे कुलूप लावत नाहीत, कुलपाशी कुस्ती खेळतात. त्यालाही हसू यायचं. हसून झालं की तो आणखी एकदा ओढून बघायचा.

जन्माचा भित्रा नव्हता बरं का तो. ही भीती त्याला नोकरीत लागली. आधी जिथे होता तिथे एका गोदामाच्या मालाचा प्रोग्रॅम सांभाळायचा. एके सकाळी त्यातल्या साऱ्या ऑर्डरी उडाल्या. कुणी उडवल्या, कशा उडाल्या, काही थांगपत्ता नाही. तिथले मोठे साहेब म्हणाले, नोंद काढा. काढणार कुठून, नोंद नव्हतीच. प्रोग्रॅमने कधी काय केलं हे त्याने लिहून ठेवावं, अशी तजवीज कुणी केलीच नव्हती. मग एका लांब टेबलाभोवती माणसं बसली आणि एकेक मान हळूहळू ह्याच्याकडे वळली, कारण शेवटचा हात ह्याचा लागला होता. ह्याने काही केलं नव्हतं. पण केलं नाही हे दाखवायचं कशाने? नोकरी गेली ती गेली, दुसरी मिळाली. त्या वळलेल्या माना मात्र डोक्यातून गेल्या नाहीत. अजूनही कुणी नुसतं "अरे, जरा ये रे" म्हणालं की तो आधी हातातल्या कामाची कॉपी काढून ठेवायचा आणि मगच उठायचा.

दुसरी नोकरी म्हणजे फरशीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे आणि ज्यांना साहेब म्हटलेलं फार आवडायचं. दुसऱ्या खोलीत बाकीचे. खाली फरशा कापायचं मशीन चालू झालं की वरच्या टेबलावरचे कप थरथरायचे आणि जपूनराव दचकून कपावर हात ठेवायचा. इथे त्याला एक नवं काम मिळालं, आणि ते त्यानेच ओढवून आणलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

झालं असं, की त्याची आत्या एका वृद्धाश्रमात राहायची. आत्या म्हणजे नुसती आत्या नव्हे. ह्याची आई लवकर गेली, बापाने दुसरा संसार थाटला, आणि ह्या पोराला आत्याने वाढवलं. ती पाणीपुरवठ्याच्या खात्यात मीटर वाचायची. दारोदार जायचं, फाटक उघडायचं, परसात वाकून आकडा टिपायचा. कुत्री अंगावर यायची. ती फाटकातूनच अशी काही आरोळी ठोकायची की कुत्रं शेपूट घालायचं आणि मालकीण धावत बाहेर यायची. अशा बाईच्या हाताखाली वाढलेल्या पोराचं पुढे असं व्हावं, हा नशिबाचा थट्टेखोरपणाच म्हणायचा. म्हातारपणी गुडघे गेले. ह्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवराबायको दोघं दिवसभर बाहेर. तिने स्वतःच ठरवलं आणि स्वतःच बॅग भरली. जाताना ह्यालाच दम दिला, तोंड पाडून बसू नकोस, मी काही मरायला चालले नाही.

त्या आश्रमात खाटेशी बोलावण्याची घंटा होती ती फार जुनी. कधी वाजायची, कधी नाही. तिथल्या मोठ्या सिस्टर, सगळा कारभार त्याच बघायच्या, एकदा ह्याच्यापाशी कुरकुरल्या. ह्याच्या जिवाला घोर लागला. आत्याने बटण दाबलं आणि घंटा वाजलीच नाही तर? आठवडाभर त्याला जेवण गोड लागेना. शेवटी तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, आपण नवी करून देऊ. साहेबांना काय, काम आलं म्हणजे झालं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि सगळं त्याच्याच गळ्यात टाकलं.

सोपं होतं तसं ते. प्रत्येक खाटेला एक बटण. दाबलं की बटणावरच तांबडा दिवा लागतो, म्हणजे दाबणाऱ्याला कळतं की दाबलं गेलं. निरोप जातो भांडाराच्या खोलीतल्या एका छोट्या कॉम्प्युटरकडे, त्याला सगळे पेटी म्हणायचे. पेटीतला प्रोग्रॅम सिस्टरांच्या टेबलावरची घंटा वाजवतो आणि खोलीचा नंबर दाखवतो. बस, एवढंच. साहेबांच्या मते दोन दुपारचं काम.

जपूनरावाने घंटेचं काम खरोखरच पटकन केलं. तो अडला लॉगवर. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने काय काय केलं ह्याची त्याने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद: अमुक खाटेचं बटण दाबलं, अमुक वेळी घंटा वाजवली. ती लिहिणारा कोड कुणी स्वतः लिहीत बसत नाही. जगातल्या लोकांनी तयार करून ठेवलेला असतो, त्याला लायब्ररी म्हणतात, त्यातली एक निवडायची आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायची. बहुतेक लोक जी समोर येईल ती जोडतात आणि चहाला जातात. हा माणूस चहाला गेला नाही. तो लायब्ररी निवडत बसला, जशी लोकं मुलीसाठी स्थळं बघतात तसा.

ऑफिसात त्याची यथेच्छ टिंगल झाली. कुणी विचारायचं, काय जपूनराव, पत्रिका जुळली का? कुणी म्हणायचं, अरे, घंटा वाजवायचीय, खटला चालवायचा नाही. साहेब दार उघडून डोकावायचे आणि विचारायचे, अजून लॉगच का? आणि दार लावून घ्यायचे. हा मान खाली घालून वाचत राहायचा. एकेका लायब्ररीखाली लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचायचा, कुणाचं काय बिघडलं, कुणाची कोणती ओळ हरवली, आणि वाचलेलं वहीत उतरवून घ्यायचा.

शेवटी दोन उरल्या. पहिली नव्या चालीची, चपळ. ती प्रोग्रॅमला थांबवत नाही. तू तुझं काम कर, मी मागून सवडीने लिहीन, असा तिचा खाक्या. पण फारच गर्दी झाली किंवा लिहायला जमलं नाही, तर ती सरळ काही ओळी टाकून देते. कोणत्या टाकल्या तेही सांगत नाही. दुसरी जुनी, खमकी. ती एकही ओळ सोडत नाही. प्रोग्रॅमने सांगितलं, लिही, की ती डिस्कवर लिहिणार, लिहिलं गेलं ह्याची खात्री करणार, आणि मगच प्रोग्रॅमला पुढचं पाऊल टाकू देणार.

पहिलीचं वर्णन त्याने अर्ध्यातच मिटलं. टाकून दिलेल्या ओळी म्हणजे न सापडणारी नोंद. न सापडणारी नोंद म्हणजे पुन्हा ते टेबल. उद्या आश्रमातलं कुणी गेलं, घरचे आले, म्हणाले बटण दाबलं होतं, सिस्टर म्हणाल्या घंटा वाजली नाही, आणि साहेब म्हणाले नोंद काढ, तर? त्याने दुसरी निवडली. निवडून वर आणखी चार गोष्टी केल्या. आधी नोंद लिहायची आणि मग घंटा वाजवायची, असा क्रम लावला, म्हणजे नोंद नाही अशी घंटाच नको. बारीकसारीक सगळं लिही, अशी प्रोग्रॅमला ताकीद दिली. प्रत्येक बटण थोड्याथोड्या वेळाने पेटीला "मी जागं आहे" म्हणून कळवत राहायचं, तेही लिही. आणि नोंदींच्या जुन्या फायली आपोआप काढून टाकायची सोय त्या लायब्ररीत होती, ती त्याने बंद केली. जुनी फाइल काढली आणि नेमकी तीच उद्या कुणी मागितली तर?

ऑफिसात तपासणीचं काम बघणारी एक बाई होती, सगळे तिला टेस्टर बाई म्हणायचे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचे तिला पैसे मिळत आणि ती ते मनापासून करी. ह्याची टिंगल न करणारी तेवढी एकटीच. तिने त्याचा कोड उघडला, वाचला आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघितलं.

"लिहिता आलं नाही तर काय होईल?"

"थांबेल."

"कोण थांबेल?"

"प्रोग्रॅम. जागा मिळेपर्यंत."

"आणि घंटा?"

तो म्हणाला की डिस्क केवढी मोठी मागवली आहे, वर्षभर लिहिलं तरी भरायची नाही, त्याने हिशेब केला आहे, दोनदा केला आहे. तिने कोड पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला.

"तुझी आत्या तिथेच असते ना रे?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

तिने तपासणीच्या अहवालात ही शंका लिहिली, साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान बघून सही केली, आणि काम मंजूर झालं. साहेब त्या दोन लायब्रऱ्यांबद्दल एवढंच म्हणाले, की तुला जी झेपेल ती घे, निस्तरायचं तुलाच आहे.

पेटी बसवायला दुसऱ्या कंपनीची माणसं येणार होती, पुरवठाही त्यांचाच. जपूनराव त्या दिवशी रजा काढून आश्रमात गेला. प्रत्येक खोलीत गेला, प्रत्येक बटण स्वतः दाबलं, प्रत्येक दिवा बघितला आणि धावत येऊन प्रत्येक घंटा ऐकली. म्हातारीकोतारी हसायला लागली. आत्या खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होती, हा आमचा पोरगा, ह्यानेच केलंय हे, डोकं लहानपणापासूनच चांगलं, फक्त आता काळीज सशाचं झालंय. तिने बटण हातात घेतलं, दाबलं, तांबडा दिवा बघितला आणि लांब कॉरिडॉरमध्ये घंटा वाजलेली ऐकून मान डोलावली. बघा, सगळं तपासलं त्याने. पेटीवरचं लेबल मात्र तपासलं नाही. ऐनवेळी पुरवठादाराने मागवलेली पेटी नाही म्हणून दुसरी आणली होती, बाहेरून हुबेहूब तीच, आत डिस्क मात्र फारच लहान. कुणी बोललं नाही, कुणी विचारलं नाही.

त्यानंतर तो रोज आश्रमात फोन करायचा. काहीतरी निमित्त काढायचं आणि विचारायचं, घंटा ठीक ना? मोठ्या सिस्टर पहिल्या पहिल्यांदा कौतुकाने सांगायच्या, मग नुसतं "हो हो, ठीक" म्हणायला लागल्या, मग त्यांच्या आवाजात वैताग येऊ लागला. ह्यालाही कळत होतं. तरी फोन ठेवला की थोडा वेळ जीव जागेवर यायचा, आणि तेवढ्यासाठी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा. बायको म्हणाली, आता तरी निवांत हो, झालं ना मनासारखं? तो म्हणाला, हो, झालं. पुढचा घास घेताना त्याच्या डोक्यात आलं की वीज गेली तर. उठून त्याने ते लिहून ठेवलं, की ह्याची सोय आहे का ते बघायचं.

आणि मग तो दिवस आला. जेवणाची सुट्टी संपली होती, खाली फरशी कापायचं मशीन नुकतंच चालू झालं होतं. त्याने एक कान बोटाने बंद केला आणि फोन लावला. आज मोठ्या सिस्टरांचा आवाज प्रसन्न होता. त्या म्हणाल्या, आज किती शांत आहे म्हणून सांगू, सकाळपासून एकदाही घंटा वाजली नाही, आम्ही सगळ्या निवांत बसून चहा घेतला, असा दिवस रोज मिळो.

जपूनराव खुर्चीतून उठला. तिथे खाटा कमी नव्हत्या, आणि म्हातारी माणसं. सकाळपासून कुणाला पाणी नको, कुणाला उशी नको, कुणाला उठायचं नाही, हे कसं शक्य आहे? तो म्हणाला, सिस्टर, कुठलंही एक बटण दाबून बघता का, आत्ता, मी थांबतो. त्या हसत गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज त्याला फोनमधून ऐकू येत होता. मग त्यांचा आवाज आला, दिवा लागला हो. मग काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, पण घंटा वाजली नाही. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"आत्याच्या खोलीत जा," तो म्हणाला. "आधी तिथे. नाही, सगळीकडे जा. पण आधी तिथे जा."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली. हा इकडे उभा, कानाला फोन. टेस्टर बाईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आश्रमातली पेटी आपल्या स्क्रीनवर उघडली. ती कुठूनही उघडता येईल अशी सोय होती. तिने एक ओळ टाइप केली, उत्तर वाचलं आणि म्हणाली, डिस्क भरली आहे, लिहायला तसूभर जागा नाही.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. समजावून सांगायची गरजच नव्हती, ते त्यानेच रचलं होतं. प्रोग्रॅम मेला नव्हता, चांगला जिवंत होता. कुणीतरी बटण दाबलं होतं, त्याला ते कळलंही होतं, आणि तो आधी ते लिहून ठेवायला गेला होता. जागा नव्हती. म्हणून तो जागेची वाट बघत उभा होता, सांगितल्याप्रमाणे, आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे निरोप एकापाठी एक रांगेत उभे होते.

"सगळ्यात जुनी फाइल काढते," टेस्टर बाई म्हणाली.

आणि ह्याच्या तोंडून काय निघावं? "जपून," तो म्हणाला. "आधी कॉपी काढून घे."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे वळून तिने फाइल काढून टाकली.

त्याच क्षणी त्याच्या कानातल्या फोनमध्ये घंटा वाजायला लागल्या. एक नाही, दोन नाही. सकाळपासून थांबलेल्या सगळ्या घंटा एकदम, एकात एक मिसळून, न थांबता. त्या गलक्यात कुणीतरी सिस्टर दुसरीला हाक मारत होती, कुठल्या खोलीत जाऊ? आणि दुसरी ओरडत होती, सगळ्याच खोल्यांचे नंबर लागलेत. तो ऐकत राहिला. त्याला फोन कानापासून काढता येईना आणि तिथे काय चाललंय हे बघताही येईना. खालचं मशीन चालूच होतं. बऱ्याच वेळाने मोठ्या सिस्टरांनी फोन उचलला, त्यांना धाप लागली होती. त्या म्हणाल्या, तुम्ही या, लगेच या, जिवंत आहेत, पण या.

टॅक्सीत त्याला फक्त तो एक शब्द ऐकू येत होता, जिवंत. तो शब्द त्याने इतक्या वेळा उलटसुलट केला की त्याला त्याचा अर्थच लागेनासा झाला. ड्रायव्हरने जोरात वळण घेतलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो जपून म्हणाला नाही.

आत्या खाटेच्या पलीकडे, खाट आणि संडासाचं दार ह्यांच्या मध्ये, खोलीच्या दारातून दिसणार नाही अशी पडलेली सापडली होती. सकाळचा चहा देऊन बाई गेली, त्यानंतर कधीतरी ती उठली असावी आणि पाय अडखळला असावा. खुब्याचं हाड मोडलं होतं. बटण लांब वायरीचं होतं, ते तिच्या हातात होतं. सिस्टर म्हणाल्या, मुठीतून सोडवायला वेळ लागला. जेवणाचं ताट घेऊन जाणारी बाई दारात आली होती, खाट रिकामी दिसली म्हणून त्या संडासात असतील असं समजून ताट टेबलावर ठेवून गेली; तेव्हा आत्याला ग्लानी आली असावी. कुणी हाक मारली असती तर आत गेले असते हो, ती रडत सांगत होती. जपूनराव तिला म्हणाला, तुमची चूक नाही. तिला ते खरं वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने बाई दणकट आहेत, पण पुन्हा चालतील असं सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. आश्रमाचे विश्वस्त, मोठ्या सिस्टर, पुरवठादार, साहेब, टेस्टर बाई आणि हा. पुन्हा एक लांब टेबल. आदल्या दिवसापासून ह्याला अन्नाची वासना नव्हती. विश्वस्तांनी विचारलं, काही नोंद आहे का? साहेबांनी ऐटीत कागदांची चळत पुढे सरकवली. नोंद होती. अशी नोंद त्या लोकांनी जन्मात बघितली नसेल. कुठली खाट, कुठलं बटण, कितव्यांदा दाबलं, सगळं. बटणांनी आपापल्या वेळा जपून ठेवल्या होत्या आणि जागा मिळताच प्रोग्रॅमने एकही न सोडता सगळ्या लिहून काढल्या होत्या. आत्याच्या खाटेच्या नोंदीच पान भरून होत्या. सुरुवातीला जवळजवळ, मग लांब लांब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. साहेबांनी डिस्कचा आकार दाखवला, मागवलेली केवढी आणि आलेली केवढी. आणि टेबलाभोवतीच्या माना वळल्या, ह्याच्याकडे नव्हे, पुरवठादाराकडे.

हा सुटला होता. ह्याच गोष्टीसाठी त्याने सगळं केलं होतं, आणि ते नेमकं तसंच झालं.

"जुन्या फायली काढू नकोस, असं मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता की पलीकडच्यांना ऐकू गेला नसेल. "आणि आधी लिही, मग वाजव, हेही मीच."

साहेबांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला आणि मोठ्याने म्हणाले, ते आतलं तांत्रिक आहे, त्यात आता जायला नको. विश्वस्त पुरवठादाराशी बोलण्यात गुंतले होते. टेस्टर बाईने ऐकलं होतं, ती खाली कागदाकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझ्या लॉगमुळे वाचलो बाबा, आजपासून तुझी टिंगल बंद. त्याच संध्याकाळी त्याने क्रम उलटा केला, आधी घंटा आणि मग जमलं तर नोंद, आणि ती टाकून देणारी लायब्ररी जोडली. टेस्टर बाई शेजारी बसून होती. दोघं कामापुरतंच बोलली.

तिथून तो दवाखान्यात गेला. रोज जायचा, पण रोज बायको बरोबर असायची, आज एकटा होता. आत्या डोळे मिटून पडली होती. वाळली होती. त्याने आवाज न करता स्टूल ओढलं, तरी तिने डोळे उघडले आणि विचारलं, जेवलास का? तो हो म्हणाला, खोटंच. मग तिने छताकडे बघत विचारलं,

"बटण बिघडलं होतं का रे?"

डिस्क लहान निघाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरंच होतं ते, कागदावर होतं, सगळ्यांनी मान्य केलं होतं. त्याच्या ओठांपर्यंत आलंही. बैठकीत त्याला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आत्ता वाटत होती.

"नाही," तो म्हणाला. "बटण चांगलं होतं. घंटा वाजवायच्या आधी लिहून ठेव, असं मी त्याला सांगितलं होतं. लिहायला जागा उरली नाही, म्हणून ते थांबलं."

"काय लिहून ठेव?"

"की घंटा वाजवली."

तिने कपाळाला आठ्या घालून ह्याचा विचार केला. समजून घ्यायचा खरोखर प्रयत्न करत होती ती.

"ते कुणाला हवं होतं?"

"मला. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला."

ती आता ओरडेल म्हणून तो मान खाली घालून थांबला. ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी तिने ओरडून झालं की प्रकरण मिटायचं, रात्री ती ताटात वाढायची आणि हा जेवायचा. पण ती ओरडली नाही. तिने चादरीवरचा हात जरा हलवला, त्याच्या मनगटापर्यंत तो पोचला नाही, तिथेच राहिला.

"मला हाक मारता आली असती रे," ती म्हणाली. "चार घरं ऐकतील असा आवाज आहे माझा अजून. सकाळी तर बाहेरून माणसं जातायेताना दिसत होती खाटेखालून, दाराच्या फटीतून, पाय दिसत होते. पण तांबडा दिवा लागला होता. म्हटलं, आपल्या पोराने केलंय, त्यात चूक नसणार, येतीलच आता. म्हणून गप्प पडून राहिले."